चक्का, वाळूक आणि पूर्णाकाठची म्हैस

मोठ्या शहरांतल्या दुकानांत शीतकपाटासमोर उभं राहिलं, की दह्याच्या नेहमीच्या डब्यांशेजारी 'ग्रीक योगर्ट' असं लिहिलेल्या लहान वाट्या दिसतात. साध्या दह्याच्या मानाने किंमत चढीच. झाकण उघडून चमचा उभा केला तर तो उभाच राहतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही आजीला ती वाटी दाखवली तर ती वास घेऊन सांगेल, की हा चक्का आहे, आणि नीट टांगलेला आहे. याच चक्क्यात काकडी किसून, लसूण ठेचून, वरून कच्चं तेल सोडून ग्रीक लोक एक पदार्थ करतात. त्याचं नाव 'त्झात्झिकी'. पोळीसारख्या जाड रोटीचा तुकडा त्यात बुडवून खातात, म्हणून इंग्रजी हॉटेलांत त्याला 'डिप' म्हणतात. आपल्याकडे त्याला तोंडीलावणं म्हटलं असतं आणि पानाच्या डाव्या बाजूला वाढलं असतं.

श्रोतेहो, आजचं बोलणं या दोन गोष्टींचं आहे. एक म्हणजे दह्यातलं पाणी काढण्याची युक्ती, आणि दुसरी काकडी. बोलणार आहे मी बुलढाणा जिल्ह्याबद्दल, कारण या जिल्ह्यात दोन्हींचा इतिहास चांगला सापडतो. 'हे सगळं मुळात आपलंच होतं' असं सांगायला मी आलेलो नाही. तसं सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बहुतेक खरं नसतं. जिथे दूध नासतं आणि घरात धुतलेलं फडकं असतं, तिथे चक्का कुणालाही सापडतो. तुर्क त्याला 'सुझमे' म्हणजे गाळलेलं दही म्हणतात, सीरिया-लेबनॉनमध्ये तो 'लबने' होतो. 'योगर्ट' हा शब्दसुद्धा ग्रीकांचा नाही, तुर्कांचा आहे. अकराव्या शतकात महमूद अल-काशगरीने तुर्की भाषेचा मोठा कोश केला, त्यात तो नोंदलेला आहे. 'त्झात्झिकी' हे नावही तुर्की 'जाजिक'वरून आलं. एवढं असून नावाचा मान ग्रीकांना मिळाला, याचं कारण व्यापार. अथेन्समध्ये १९२६ साली सुरू झालेल्या एका दुग्धालयाने, 'फाये' हे त्याचं नाव, हे गाळलेलं दही पुढे युरोपभर विकलं. अमेरिकेत २००७ साली हमदी उलुकाया या तुर्कस्तानातून गेलेल्या कुर्द माणसाने 'चोबानी' नावाने तेच काढलं आणि बाजार काबीज केला. हे दोघे मग इंग्लंडच्या न्यायालयात भांडले. २०१३ साली निकाल लागला, २०१४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला, की अमेरिकेत केलेलं दही इंग्लंडमध्ये 'ग्रीक योगर्ट' म्हणून विकता येणार नाही. एका कुर्दाने तुर्की नावाचा पदार्थ ग्रीक म्हणून विकू नये, हे इंग्रज न्यायाधीशांनी ठरवलं! असे खटले वाचताना आपल्या घरच्या चक्क्याला कुणी मालक नाही याचं बरं वाटतं.

आपल्याकडची लेखी आठवण जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'रसाला' नावाचा पदार्थ दिला आहे, त्यालाच शिखरिणीही म्हणतात. कृती अगदी नेमकी आहे. दही म्हशीचं हवं, आंबट हवं, आणि त्यातलं पाणी काढलेलं हवं. एक आढक दह्याला दोन प्रस्थ पांढरी साखर. चार प्रस्थांचा एक आढक होतो, म्हणजे साखर दह्याच्या निम्मी. ते स्वच्छ फडक्यावर थोडं थोडं घालून, दुधाचा हात देत, नव्या मातीच्या भांड्यात गाळायचं आणि वेलची, लवंग, कापूर, मिरी घालायची. हा पदार्थ भीमाने रचला आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा मागून खाल्ला, अशी पुस्तीही तिथे आहे. भीमाचं सोडून देऊ. पण 'म्हशीचं' हा शब्द सोडून चालणार नाही, कारण माझी पुढची सगळी गोष्ट त्या एका शब्दावर टांगलेली आहे.

दह्याच्या निवळीला संस्कृतात 'मस्तु' म्हणतात, आणि फारसीत दह्यालाच 'मास्त' म्हणतात. हे शब्द एकमेकांची भावंडं आहेत. इराणात दही आणि काकडी यांची कोशिंबीर आजही 'मास्त-ओ-खियार' या नावाने रोज होते. इराणी स्वयंपाकाचा एक धागा तर थेट आपल्या जिल्ह्यातून गेलेला आहे. सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. तिथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाचा पराभव केला, आणि दख्खनचा कारभार दिल्लीच्या हातून सुटून निजामाच्या घराण्याकडे आला. त्या विजयाची आठवण म्हणून गावाला फतेहखेर्डा हे नाव दिलं गेलं, पण लोकांच्या जिभेवर साखरच राहिली. तेव्हापासून १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेईपर्यंत, म्हणजे १२९ वर्षं, इथला कारभार हैदराबादकडे पाहून चालला. हैदराबादी बिर्याणीबरोबर लसणाचं जे दही वाढतात त्याला 'बुरानी' म्हणतात. हे नाव बगदादच्या खलिफा अल-मामूनच्या बेगमेवरून, बुरानवरून आलं, असं खाद्येतिहास लिहिणारे सांगतात. तिचं लग्न नवव्या शतकातलं. आपल्याकडे काही जण ते बुऱ्हाणपूरशी जोडतात, बुऱ्हाणपूर जवळ आहे म्हणून. तसं नाही. पण दही, लसूण आणि मीठ हे त्रिकूट अथेन्सच्या खानावळीत आणि हैदराबादच्या दस्तरखानावर एकाच वेळी असावं, यात नवल नाही. मधल्या सगळ्या मुलखात ते आहेच.

आता काकडीकडे येऊ. इथे गंमत आहे.

आपण बाजारातून आणतो ती काकडी हिमालयाच्या पायथ्याची. तिचे कडू रानटी भाईबंद आजही तिथे उगवतात. मग ग्रीक आणि रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी कुठली काकडी खात होते? रोमचा बादशहा टायबेरियस याला रोज काकडी लागे, त्यासाठी माळी चाकांच्या वाफ्यांत वेल लावून ते उन्हात ढकलत नेत, असं प्लिनी लिहितो. हॅरी पॅरिस आणि ज्यूल्स जॅनिक या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी जुनी वर्णनं आणि चित्रं ताडून पाहिली आणि दाखवून दिलं, की ती आपली काकडी नव्हेच. फळावर लव होती, लांबट होतं, आणि ते खरबुजाच्या जातीचं होतं. खरी काकडी युरोपात पोचली ती मध्ययुगात, इराणच्या वाटेने. म्हणजे बादशहाच्या ताटातलं फळ आपल्या वाळकाचं सख्खं नातेवाईक होतं.

वाळूक शहरातल्या मुलांना माहीत नसतं. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात ते कपाशीच्या किंवा ज्वारीच्या रानात मिश्रपीक म्हणून पेरत. पेरणीच्या वेळी घरची बाई ओटीत चार बिया घेऊन जायची. त्यांत वाळूक, काकडी, चवळी, अंबाडी, भेंडी सगळं असे. पोळा झाला की वेल पसरलेले दिसायचे. कोवळं वाळूक तिखटमिठाबरोबर शेतातच खायचं, किंवा चोचवून दह्यात घालायचं. पिकलं की वास सुटायचा आणि फळ हाताला लागताच वेलापासून अलग व्हायचं.

या अलग होण्यावरून एक जुना प्रश्न सुटतो असं मला वाटतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात जो मंत्र आपण महामृत्युंजय म्हणून म्हणतो, त्यात मृत्यूच्या बंधनातून उर्वारुकाप्रमाणे सुटका होवो अशी प्रार्थना आहे. उर्वारुक म्हणजे काकडी, असा अर्थ आपण शाळेपासून ऐकतो. पण ज्याने काकडीचा वेल पाहिला आहे तो सांगेल, की काकडी पिकून पिवळी पडली तरी देठ सोडत नाही, तिला खुडावीच लागते. आपण होऊन देठ सोडतं ते वाळूक, शेंदाड, खरबूज. त्यांच्या देठाशी पिकताना एक थर तयार होतो आणि फळ सुटतं. उर्वारुक हे त्या कुळातलं फळ असणार. पंडितांच्या आधी हे शेतकऱ्याला विचारायला हवं होतं.

तर दही आलं, वाळूक आलं. ते एकत्र कसं यायचं, हे मात्र जिल्ह्याच्या कुठल्या भागात तुम्ही राहता यावर अवलंबून होतं. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत आणि लोक ते घाटावरचा आणि घाटाखालचा असेच सांगतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मोताळ्याला दोन्ही बाजू. घाटावर पौषात इतकं गारठतं, की विरजलेलं दूध सकाळीही पाणीच असतं. भांडं घोंगडीत गुंडाळून किंवा धान्याच्या कणगीत ठेवून ऊब द्यावी लागते. घाटाखाली मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. तिथे दही चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबतं. दही लावणारे जिवाणू चाळीस अंशांच्या आसपास सगळ्यात जोमात असतात, त्यामुळे घाटाखालचा उन्हाळा म्हणजे त्यांची दिवाळीच. म्हणून तिथल्या बायका चक्का रात्री टांगत, पहाटे उतरवत. दिवसा टांगलेला चक्का श्रीखंडालाही चालत नसे, साखर कितीही घाला.

या जिवाणूंचा शोधही तसा अलीकडचा. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या गावच्या दह्यातून एक लांबट जिवाणू वेगळा काढला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफने त्याचा डंका पिटला, की बल्गेरियातले शेतकरी दह्यामुळे शंभरी गाठतात. १९०८ मध्ये मेचनिकॉफला नोबेल मिळालं, ते दह्यासाठी नव्हे, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण दह्याची किंमत युरोपात वाढली ती वाढलीच. आपल्याकडे विरजण शेजारून मागून आणत आणि दुसऱ्या दिवशी शेजारी ते आपल्याकडून नेत. मूळ विरजण कुणाचं, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

आतापर्यंत सगळं गोड चाललं आहे. पण चक्का करायचा तर दूध लागतं, आणि पुष्कळ लागतं. एक किलो चक्क्याला तीन-चार लिटर गायीचं दूध, म्हशीचं जरा कमी. सरकारी अन्नमानकानुसार चक्क्यात किमान ३० टक्के घन भाग हवा. गायीच्या दुधात तो जेमतेम १२-१३ टक्के असतो, बाकी सगळं पाणी. ज्या घरात दुभतं जनावर नाही तिथे चक्का कसला? आपल्या भाषेत 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण आहे. ती विनोदाने वापरतो आपण, पण तिच्यात एक समाज उभा आहे. काहींच्या घरी घुसळण होतं, आणि बाकीचे भांडं घेऊन ताक मागायला जातात, लाजत लाजत. चक्का हा पाडव्याचा, दसऱ्याचा, जावयाच्या पानाचा पदार्थ होता. बहुतेकांच्या वाट्याला ताक, आणि तेही पातळ. जुन्या स्वयंपाकाच्या पुस्तकांवरून हे कळत नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं. ही चांगली पुस्तकं आहेत, पण ती दूध असलेल्या घरांची पुस्तकं आहेत.

वऱ्हाडात दूध पूर्वी जास्त होतं का? होतं असं मानायला जागा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर गेली. १८६७ पर्यंत मलकापूर, नांदुरा, शेगाववरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला खास फाटा काढला, कशासाठी, तर कापसाच्या बाजारासाठी. खामगावचा बाजार त्या काळी देशातल्या मोठ्या कापूसबाजारांत गणला जाई. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर १९९७ मध्ये आणि मध्य भारतातली जनावरं यांवर २००४ मध्ये पुस्तकं लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की कापूस वाढला तो पडीक रानं आणि गायरानं मोडून. जंगलं सरकारने राखीव केली, चराईवर पैसे बसवले. गुरं घटली, आणि जी राहिली ती खंगली. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला, छपन्नचा दुष्काळ. माणसांइतकीच जनावरं चाऱ्यावाचून मेली. चक्का ज्या पातळ फडक्यात टांगायचा ते विलायती मांजरपाट वऱ्हाडच्याच कापसाचं असू शकत होतं, पण त्यात बांधायला दही उरलं नव्हतं. हे जरा नाटकी वाटेल, पण हिशेब तसाच होता.

त्या हिशेबाची पुढची पानं आपल्या पिढीने पाहिली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आपला बुलढाणा. शेतकरी जीव देत होते. कापसावरचा भार कमी व्हावा म्हणून दुभती जनावरं अनुदानावर द्यायची, अशी त्यात एक योजना होती. हेतू चांगला होता. पण संकरित गाय ही कपाशीच्या कोरडवाहू कुटुंबात आली, की तिला रोज ओला चारा, ढेप आणि भरपूर पाणी लागतं. जिथे माणसाला हंडाभर पाण्यासाठी पायपीट, तिथे गायीला कुठून आणायचं? काही घरांत ती गाय कुटुंबापेक्षा जास्त खाऊ लागली, लोकांनी ती विकून टाकली, असं तेव्हा वर्तमानपत्रांतून सविस्तर छापून आलं होतं.

या सगळ्यात एक प्राणी पूर्णेच्या काठी उभा होता, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पूर्णा उगम पावते बैतुल जिल्ह्यात, भैंसदेहीच्या बाजूला. नावातच म्हैस आहे. गाविलगडच्या डोंगरातून ती खाली येते, आणि त्या गडाचं नावही गवळ्यांवरून पडलं असं सांगतात. मग अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवजवळ ती तापीला मिळते. या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाण आहे, विहिरीला पाणी लागलं तरी ते मचूळ लागतं. तिथे राहणारी म्हैस काळी कुळकुळीत नाही, भुरकट तपकिरी आहे. काही गावांत तिला भुरीच म्हणतात. मुऱ्हा म्हशीसमोर तिचं दूध बेताचंच, पण दाट, सायीचं. भावमिश्राने मागितलं होतं तसं. ती कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावर राहते, ऊन सोसते. जानेवारी २०२३ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या म्हशीची 'पूर्णाथडी' नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. त्याच वेळी विदर्भातल्या कठाणी गायीचीही झाली. इतकी वर्षं सरकारी कागदांत ती 'गावठी' होती, म्हणजे कुणीच नव्हती. नोंद झाली म्हणजे तिचे वळू सांभाळता येतात, पैदाशीसाठी पैसे मागता येतात, आणि सुधारणेच्या नावाखाली सरसकट संकर करण्याआधी निदान कुणी तरी विचारतं.

मात्र नोंदीने पोट भरत नाही. पूर्णाथडी ज्वारीच्या कडब्यावर जगली. आज जिल्ह्यात ज्वारी मागे पडली आहे आणि सोयाबीनने रान व्यापलं आहे. सोयाबीनचं कुटार जनावर खातं, पण कडब्याची सर त्याला नाही. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं, की चार बिया टाकून वाळकाचे वेल वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही, वेल तणाबरोबरच जातो. ओटीतल्या चार बियांची पेरणी आणि म्हशीचा कडबा, दोन्ही एकाच पिकाने उचलली. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. सोयाबीनला रोख भाव मिळतो, आणि मिश्रपीक निंदायला आता माणूस मिळत नाही. पण कोशिंबिरीचा इतिहास सांगायचा तर तो इथे येऊन थांबतो हे सांगणं भाग आहे. विदर्भ-मराठवाड्यासाठी २०१६ पासून मोठा दुग्धविकास प्रकल्प चालू झाला, दूध गोळा होऊ लागलं, बायकांच्या हातात दहा दिवसांनी पैसे येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट. पण त्या दुधाचा चारा कुठला, हे विचारत राहायला हवं.

एक शब्द निवळीबद्दल. न्यूयॉर्क राज्यात ग्रीक दह्याचे कारखाने वाढले तेव्हा गाळून उरलेल्या आंबट पाण्याचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न झाला. नदीत सोडलं तर मासे मरतात, कारण त्यातली साखर आणि आम्ल कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. मग ते टँकरने शेतांवर आणि गोठ्यांवर नेलं. आपल्या घरी चक्क्याखालच्या पातेल्यातलं पाणी कधी सांडलेलं मी पाहिलं नाही. त्यात थालीपिठाचं पीठ भिजे, कढीला लागे, उरलं तर म्हशीच्या आंबोणात. तीन लिटरचं घर असलं की प्रश्न सोपे असतात, हेही खरं.

आता ज्यांना ते ग्रीक तोंडीलावणं घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी. एक लिटर म्हशीचं दूध चांगलं उकळवा. उकळण्याने दह्याची पकड घट्ट होते, कोमट दुधाला नुसतं विरजण लावलं तर चक्का चरबट होतो. बोटाला सोसेल इतकं निवल्यावर चमचाभर विरजण. दही लागलं की आंबायच्या आत पातळ धुतलेल्या फडक्यात बांधून सहा ते आठ तास टांगा. उन्हाळ्यात रात्री, किंवा आता शीतकपाट आहे तर चाळणीवर ठेवून त्यात. दाबून पाणी काढू नका, घाईने दाबलेला चक्का कोरडा आणि दाणेदार होतो. साधारण निम्म्याहून थोडा कमी चक्का हाताशी येईल. गोडाच्या श्रीखंडाला आठ तास हवेत, यासाठी सहाही पुरे.

काकडी किसा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. आपल्या कोशिंबिरीत उलट असतं. आपण काकडी चोचवतो, दही आणि दाण्याचं कूट घालतो, आणि मीठ अगदी वाढताना घालतो, म्हणजे पाणी सुटू नये. सुटलंच तर भातावर कालवून घेतो. ग्रीकांना ते पाणी आधीच नको असतं, कारण त्यांना बुडवून खायचं आहे. पिळलेलं पाणी थालीपिठात घाला. मग चक्का, काकडी, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, थोडं लिंबू एकत्र करा. वाळूक मिळालं तर काकडीऐवजी तेच घ्या, फक्त कोवळं घ्या आणि बिया काढा.

तिकडे वरून ऑलिव्हचं तेल घालतात. आपल्याकडे घाण्याचं करडईचं तेल मिळालं तर ते घालावं, ठेच्यावर कच्चं तेल घ्यायची सवय वऱ्हाडाला आहेच. आणि शेवटी ते लोक त्यात एक हिरवी पालेभाजी बारीक चिरून घालतात. ती कुठली, तर शेपू! ताटात शेपूची भाजी आली की नाक मुरडणारी मुलं परदेशी हॉटेलात तेच मिटक्या मारत खातात. बरोबर रोटी हवी असेल तर घाटाखालच्या लोकांना सांगायला नको. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, तव्यावरून नुकतीच उतरलेली, तिचा तुकडा मोडला तर तो वाकत नाही आणि चक्क्यात घातला तर तुटतही नाही. घाटावर कळणं कमी, तिथे साध्या ज्वारीच्या भाकरीवर भागवावं लागेल. आणि मूठभर दाण्याचं कूट घालायचा मोह झालाच तर घाला, फक्त मग त्याला ग्रीक म्हणू नका. इंग्लंडात खटला होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)